मांजराचा कान आणि त्यात राहणारे सूक्ष्मजीव : नव्याने मांजर पाळणाऱ्यांसाठी

घरात नवे मांजर आले की आपण त्याच्या खाण्याची, मातीच्या ट्रेची आणि लशींची चौकशी करतो. त्याच्या कानात डोकावून पाहण्याचे मात्र बहुतेकांना सुचत नाही. सुचते तेव्हा मांजर मागच्या पायाने कान ओरबाडत असते, कानामागची कातडी सोलवटलेली असते आणि घरातल्या कोणीतरी 'थोडे कोमट तेल सोडून बघ' असे सांगितलेले असते. मी नाशिकमध्ये गेली काही वर्षे घरची आणि गल्लीतली मांजरे सांभाळते. मी पशुवैद्य नाही. परंतु पशुवैद्यांच्या टेबलाशी उभे राहून, त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलेल्या काचपट्ट्या पाहून आणि एकदा स्वतःच्या हातून मोठी चूक झाल्यानंतर जे शिकले, ते नवख्या माणसाला उपयोगी पडेल अशा क्रमाने येथे मांडत आहे.

सर्वांत आधी एक गोष्ट मनात पक्की करावी. मांजराच्या कानात सूक्ष्मजीव असणे हा आजार नाही. ते तेथे जन्मापासून वस्तीला असतात. त्यांची संख्या बेसुमार वाढते तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा दुसरेच काही कारण असते, आणि ते कारण न शोधता वरून जंतुनाशक ओतत राहणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

कान आतून कसा असतो

आपल्याला दिसतो तो कानाचा केवळ दर्शनी भाग असतो. पाळीच्या बुडाशी सुरू होणारी नळी आधी सरळ खाली उतरते आणि मग जवळजवळ काटकोनात डोक्याच्या आतल्या दिशेने वळते. या आडव्या भागाच्या टोकाला कानाचा पडदा असतो. म्हणजे खिडकीच्या उजेडात आपण कितीही वाकून पाहिले तरी उभ्या नळीचे तोंडच तेवढे दिसते, पुढचे सारे वळणाआड राहते. पडद्याच्या पलीकडे हाडाची एक पोकळी आहे. मांजरात ही पोकळी हाडाच्या एका पातळ भिंतीने दोन कप्प्यांत विभागलेली असते, आणि डोळ्याच्या बाहुलीवर ताबा ठेवणारे काही मज्जातंतू याच पोकळीतून जातात. कानाचा आजार खोल उतरला, किंवा कान धुताना जोर झाला, तर त्याच बाजूच्या डोळ्याची बाहुली बारीक होते, पापणी झुकते आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातला पांढुरका पडदा वर येतो, याचे कारण ही जवळीक आहे. डोळा बिघडला म्हणून मांजर दाखवायला न्यावे आणि दोष कानात निघावा, असे त्यामुळे घडू शकते.

या नळीची आणखी एक खुबी नवख्याने जाणून घेतली पाहिजे, कारण त्यामुळे पुढच्या पुष्कळ चुका टळतात. नळीच्या आतल्या त्वचेचा वरचा थर पडद्याकडून बाहेरच्या तोंडाकडे अतिशय संथपणे सरकत असतो आणि जाताना मळ, सुटलेल्या पेशी आणि धूळ बाहेर आणून सोडतो. निरोगी मांजराचा कान स्वतःच स्वतःला साफ करतो तो असा. कानात काडी किंवा इअर बड घालणारा माणूस या वाहतुकीच्या नेमका उलट दिशेने मळ ढकलतो आणि वळणापाशी त्याचा बोळा बसवतो.

तेथे राहतात कोण

निरोगी कानाच्या नळीत स्टॅफिलोकॉकस जातीचे गोल जिवाणू आणि मॅलासेझिया नावाची यीस्ट प्रकारची बुरशी थोड्या संख्येने आढळतात. मॅलासेझियाला त्वचेतून पाझरणारा स्निग्ध अंश आवडतो आणि कानात तो भरपूर मिळतो. मांजरांत मॅलासेझिया पॅकिडर्मॅटिस ही तिची जात सर्वाधिक परिचित आहे, तर मॅलासेझिया नाना ही जात मांजरांच्या कानांतून वेगळी काढण्यात आली आहे. ही मंडळी नुसती फुकट राहणारी नसतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मांजराच्या त्वचेवर नांदणाऱ्या स्टॅफिलोकॉकस फेलिस या जिवाणूच्या एका वाणाने तयार केलेल्या द्रव्यांमुळे औषधांना दाद न देणाऱ्या दुसऱ्या एका स्टॅफिलोकॉकसची वाढ रोखली गेल्याचे प्रयोगशाळेत आणि उंदरांच्या त्वचेवर दिसून आले. मांजराच्या अंगावरचे शेजारी एकमेकांना मर्यादेत ठेवतात, हे त्यातून समजते. कानातील सारे जंतू मारून टाकावेत ही कल्पना मला म्हणूनच पटत नाही.

तोल बिघडतो तो नळीचे हवापाणी बदलल्यामुळे. ओलावा वाढला, त्वचेला सूज आली, नळी अरुंद झाली, मळाची वाट अडली, की थोडक्या संख्येने राहणारे जिवाणू आणि यीस्ट झपाट्याने वाढतात. कुत्र्याच्या लोंबत्या, केसाळ कानात हे सहज घडते; मांजराचा कान ताठ आणि उघडा असल्यामुळे आपणहून संसर्ग होणे तुलनेने कमी असते. म्हणून मांजराच्या कानात पू किंवा वास आढळला, तर त्यामागे कान खाजवायला लावणारे किंवा नळी अडवणारे काहीतरी आहे असे धरूनच चालावे. ते काहीतरी म्हणजे बहुतेक वेळा कानातील माइट, म्हणजे कानात राहणारे आठ पायांचे अगदी बारीक जीव. त्यानंतर अॅलर्जी, नळीत किंवा पडद्यामागे वाढलेला मांसल पॉलिप, गवताचे कुसळ, आणि म्हाताऱ्या मांजरात गाठ.

पहिली पायरी : निरोगी कान ओळखायला शिकणे

मांजर ठीक असतानाच त्याचा कान पाहून ठेवावा, म्हणजे बिघाड झाल्यावर फरक कळतो. निरोगी कानाची आतली बाजू फिकट गुलाबी असते, हाताला गार किंवा किंचित कोमट लागते, तिला वास येत नाही आणि क्वचित फिकट तपकिरी मळाचा एखादा कण दिसतो. तो कण पुसलाच पाहिजे असे नाही. पाळीच्या बाहेरच्या कडेला, खालच्या बाजूस त्वचेची एक छोटी दुमड, जणू खिसा असतो. तो प्रत्येक मांजराला असतो. ती जखम नव्हे. तसेच डोळा आणि कान यांच्यामध्ये केस विरळ असलेला पट्टा असतो, जो काळ्या आणि आखूड केसांच्या मांजरात ठळक दिसतो. हा पट्टा पाहून गजकर्ण झाले असे समजून मलम लावणारी माणसे मी पाहिली आहेत. पट्टा दोन्ही बाजूंना सारखाच असेल आणि तेथे खपली, लाली किंवा कोंडा नसेल, तर काळजीचे कारण नाही. रस्त्यावरून आणलेल्या मांजराच्या एका कानाचे टोक सरळ रेषेत कापलेले असेल, तर ते नसबंदी झाल्याची खूण म्हणून मुद्दाम कापलेले असते.

दुसरी पायरी : मांजर धरणे आणि कान पाहणे

आठवड्यातून एकदा, मांजर खाऊन सुस्तावलेले असताना, त्याला मांडीवर पाठमोरे बसवावे. अंगाला जुना टॉवेल सैल गुंडाळावा, मान दाबू नये. अंगठा आणि तर्जनी यांत पाळी हलकेच धरून मागे उलटावी आणि खिडकीच्या उजेडात पाहावे. मोबाइलचा दिवा लावायचा असेल तर तो डोळ्यांवर रोखू नये. मग कानाजवळ नाक नेऊन वास घ्यावा. प्रथम हे विचित्र वाटते, पण वास ही खरोखर मोठी खूण आहे: यीस्ट वाढल्यास आंबूस, शिळ्या पिठासारखा वास येतो आणि काही जिवाणूंच्या संसर्गात कुजकट दुर्गंधी येते. शेवटी कानाच्या बुडाशी बाहेरून दोन बोटांनी हलका दाब द्यावा. आतून चिकट पचपच आवाज आला, किंवा मांजराने दचकून डोके काढून घेतले, तर दवाखाना गाठावा. पाहणी झाल्यावर आवडीचा खाऊ द्यावा. पुढच्या आठवड्याचे निम्मे काम त्याने होते.

गल्लीतल्या अनोळखी मांजराचा कान अशा रीतीने पाहायला जाऊ नये. दुखणारे मांजर चावते. चावले किंवा ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि रेबीजच्या लशीबाबत त्यांचा सल्ला घ्यावा.

तिसरी पायरी : दिसते त्याचा अर्थ लावणे

पंचवटीतील एका जुन्या वाड्याच्या जिन्याखाली ऐन जुलैच्या पावसात मला एक पिल्लू सापडले होते, दीड-दोन महिन्यांचे असावे. भिजल्याने थरथरत होते, तरी मिनिटामिनिटाला थांबून कान खाजवत होते. घरी आणून टॉवेलने पुसले आणि कान उलटला, तर आत कॉफीच्या चोथ्यासारखा काळा-तपकिरी, कोरडा, चुरचुरीत मळ ठासून भरलेला होता. मला ती वाड्यातली माती वाटली. ओल्या कापसाने थोडा मळ टिपून काळ्या पुठ्ठ्यावर पसरला आणि दिव्याखाली धरला, तेव्हा साखरेच्या बारीक कणाहूनही लहान पांढरे ठिपके दिसले. त्यांतला एक ठिपका पुठ्ठ्याच्या कडेकडे सरकत गेला.

ते कानातील माइट होते, शास्त्रीय नाव ऑटोडेक्टिस सायनॉटिस. आठ पायांचा हा जीव त्वचेत बिळे करत नाही. वरच राहतो, त्वचेचे सुटलेले कण आणि पाझर खातो आणि त्याच्या वावरण्याने व लाळेने कानाला असह्य खाज सुटते. मादी नळीतच अंडी चिकटवते. अंड्यापासून पुन्हा अंडी घालणारा माइट तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. हा तीन आठवड्यांचा हिशेब लक्षात ठेवावा, कारण उपचार अर्धवट सोडणारे लोक येथेच फसतात: आठ दिवसांत खाज थांबते, औषध बंद होते आणि मागे राहिलेल्या अंड्यांतून नवी पिढी उभी राहते. त्या खाजेची कल्पना यावी म्हणून एक खरी हकीकत सांगते. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातील रॉबर्ट लोपेझ या पशुवैद्यांनी मांजराच्या कानातील माइट स्वतःच्या कानात सोडून पाहिले आणि तो अनुभव १९९३ मध्ये पशुवैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. माइटांच्या चालण्याचे आणि ओरबाडण्याचे आवाज त्यांना आतून ऐकू येत होते आणि रात्री उशिरा त्यांची हालचाल इतकी वाढत असे की झोप अशक्य होई. रात्री दोन वाजता कान खाजवत घरभर फिरणाऱ्या मांजरावर मी त्यानंतर कधी रागावले नाही.

काळा मळ म्हणजे माइटच, असे मात्र गृहीत धरू नये. यीस्ट वाढल्यावरही तपकिरी, परंतु ओलसर आणि तेलकट मळ साचतो. पिवळसर किंवा हिरवट पातळ पू हे जिवाणूंचे लक्षण असते. माइट बहुधा दोन्ही कानांत आणि लहान वयात असतात. त्रास एकाच कानात असेल आणि थेंबांनी तात्पुरता बरा होऊन पुन्हा उलटत असेल, तर तरुण मांजरात पॉलिपचा आणि वयस्कर मांजरात गाठीचा विचार व्हायला हवा. पावसाळा संपता संपता, पाथर्डी फाटा किंवा अंबडकडच्या मोकळ्या प्लॉटमध्ये गवत वाळून कुसळे सुटू लागली की बाहेर हिंडणाऱ्या बोक्याच्या कानात कुसळ शिरू शकते. मांजर एकाएकी, त्याच क्षणापासून डोके झटकू लागते. असे कुसळ घरी चिमट्याने ओढण्याचा प्रयत्न करू नये, ते तुटते आणि उरलेले टोक आत जाते.

कानाच्या कडेवर राखाडी, जाड खपल्या दिसल्या तर ती बहुधा मांजराची खरूज असते. तिचा माइट वेगळा, नोटोएड्रिस कॅटी. तो त्वचेत बिळे करतो, कानाच्या कडेपासून सुरू होऊन चेहऱ्यावर पसरतो आणि माणसाच्या हातांवरही तात्पुरती खाज उठवतो. कानावर गोल चट्टा पडून केस गेले असतील, कोंडा असेल, तर गजकर्णाची शंका घ्यावी. त्याची बुरशी मायक्रोस्पोरम कॅनिस घरातल्या मुलांना सहज लागते आणि लांब केसांच्या पर्शियन मांजरात वरून काही न दिसताही असू शकते. पांढऱ्या कानांच्या मांजराला मार्च ते मे या काळात दुपारच्या उन्हात गच्चीवर बसू देऊ नये. उन्हाने कानाच्या कडा वर्षानुवर्षे भाजत राहिल्या तर तेथे कर्करोग होतो आणि त्याची सुरुवात न भरणाऱ्या साध्या खपलीसारखी दिसते.

काही लक्षणांत आठवडाभर वाट पाहण्याची मुभा नसते. मान एका बाजूला कलणे, चालताना तोल जाणे, एकाच दिशेने गोल फिरणे, बुबुळे आपोआप इकडून तिकडे हलणे यांचा अर्थ त्रास पडद्यामागे किंवा आतल्या कानात पोहोचला असा असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पाळी फुग्यासारखी सुजली असेल तर खाजवून आत रक्त साकळलेले असते. ती सुईने फोडण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये.

चौथी पायरी : काय घालायचे नाही

येथे मी सविस्तर लिहिणार आहे, कारण मांजराच्या कानाचे बरेचसे नुकसान प्रेमापोटी होते. पंचवटीच्या त्या पिल्लाच्या आधी माझ्याकडे एक भाटी होती. तिच्या कानाला वास येऊ लागला तेव्हा मी एका औषधाच्या दुकानातून माणसांचे कानाचे थेंब आणले आणि कोणाला न विचारता चार दिवस घातले. पाचव्या दिवशी ती पलंगावरून उडी मारताना कोलमडली. तिच्या कानाचा पडदा आधीच फाटलेला होता आणि थेंब थेट आत उतरत होते, हे नंतर कळले. तिची मान पुढे कायम थोडी कललेलीच राहिली. पडदा शाबूत आहे की नाही हे बाहेरून कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय कानात काहीही सोडू नये, हा नियम मला तिच्यामुळे समजला.

जेंटामायसिनसारखी औषधे आणि जखमा धुण्यासाठी वापरले जाणारे क्लोरहेक्झिडीन फाटलेल्या पडद्यातून आत गेले तर श्रवणाला आणि तोलाला इजा करू शकते. मांजरे याबाबतीत विशेष नाजूक असतात. लसूण घालून कडवलेले तेल आपल्याकडे घरोघरी कानदुखीवर वापरतात, आणि कांद्याचा रस पिळणारेही भेटतात, कारण कांदा तर नाशिक जिल्ह्याचा जीव की प्राण आहे. मांजर मात्र कानातून ओघळलेले सारे चाटून पोटात घालते, आणि कांदा व लसूण दोन्ही तिच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. कापूर, टी ट्री तेल आणि फिनॉलयुक्त जंतुनाशके मांजराला विषारी आहेत, कारण ती पचवून टाकण्याची तिच्या यकृताची क्षमता अपुरी आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट सुजलेल्या त्वचेला भाजतात. साधे खोबरेल तेल विषारी नाही, पण ते मळ धरून ठेवते आणि डॉक्टरांना पडदा दिसू देत नाही.

माइट मारायचे म्हणून कुत्र्याचे मानेवर लावायचे औषध मांजराला कधीही लावू नये. त्यांपैकी कित्येकांत परमेथ्रिन असते. त्याने मांजराला झटके येतात आणि मृत्यूही ओढवतो. गुराढोरांच्या गोचिडांवर वापरायची द्रावणे याच कुळातली किंवा तितकीच घातक असतात. ग्रामीण भागातून, निफाड-दिंडोरीकडून शहरात आलेल्या घरांत ती बाटली माळ्यावर हमखास असते, म्हणून मुद्दाम लिहिले.

पाचवी पायरी : दवाखाना आणि काचपट्टी

दवाखान्यात जाण्यापूर्वी दोन दिवस कान पुसू नये. मळ हाच पुरावा असतो. एका कागदावर त्रास कधी सुरू झाला, एका कानात की दोन्ही, घरात इतर कोणते प्राणी आहेत, आजवर काय काय घातले आणि मांजर काय खाते हे लिहून न्यावे. घातलेल्या घरगुती औषधाची लाज वाटून ते लपवू नये.

चांगली तपासणी तीन टप्प्यांत होते. डॉक्टर कानात पाहण्याच्या दुर्बिणीने, म्हणजे ऑटोस्कोपने नळी आणि पडदा पाहतात. फार दुखत असेल तर त्यासाठी भूल द्यावी लागते आणि त्यात वावगे काही नाही. मग मळाचा थोडा अंश तेलाच्या थेंबात मिसळून माइट आणि अंडी शोधतात. शेवटी कापसाची काडी काचपट्टीवर लाटण्यासारखी फिरवून, तो थर वाळवून, रंगद्रव्यात बुडवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. या शेवटच्या टप्प्याचा आग्रह नवख्यानेही नम्रपणे धरावा. 'डॉक्टर, काचपट्टी करून बघता येईल का?' एवढेच विचारायचे असते.

पंचवटीच्या पिल्लाची पट्टी डॉक्टरांनी मला दाखवली होती. फिकट निळसर पार्श्वभूमीवर गडद जांभळ्या, मध्ये कंबर असलेल्या, अगदी दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारख्या आकृत्या पसरल्या होत्या, ती मॅलासेझिया. त्यांच्यामध्ये ठिपक्यांचे पुंजके होते. ते गोल जिवाणू. म्हणजे माइटांनी कान खाजवून सुजवला होता आणि सुजलेल्या कानात मूळचेच रहिवासी माजले होते. नुसते बुरशीचे औषध दिले असते तर माइट राहिले असते, आणि नुसते माइट मारले असते तर यीस्ट मागे उरले असते.

पट्टीवर गोल ठिपक्यांऐवजी काड्यांसारखे जिवाणू दिसले तर प्रकरण अधिक गंभीर धरतात. स्यूडोमोनास एरुजिनोसा हा त्यांतला कुप्रसिद्ध. तो पुष्कळ प्रतिजैविकांना दाद देत नाही. अशा वेळी स्राव प्रयोगशाळेत पाठवून जिवाणू वाढवून पाहणे आणि त्यावर कोणते औषध चालते ते तपासणे आवश्यक असते. अहवालाला काही दिवस लागतात आणि खर्च वाढतो. तरीही अंदाजाने तीन औषधे बदलण्यापेक्षा तो खर्च कमीच पडतो. पडद्यामागच्या पोकळीत पॉलिप किंवा संसर्ग असल्याची शंका आल्यास एक्स-रे किंवा सीटी स्कॅन लागतो. त्यासाठी मुंबई किंवा पुण्यास जाण्याची वेळ येऊ शकते. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले प्राण्यांचे मोठे रुग्णालय आहे. कसारा घाटाचा प्रवास पिंजऱ्यात करायचा असल्यास निघण्यापूर्वी चार तास खायला देऊ नये, नाहीतर मांजर ओकते. पिल्लाला मात्र इतका वेळ उपाशी ठेवू नये, त्याच्याबाबत डॉक्टरांना विचारून घ्यावे.

सहावी पायरी : घरचा उपचार

माइटांसाठी हल्ली बहुधा मानेच्या मागे त्वचेवर सोडायचे औषध देतात. सेलामेक्टिन, मॉक्सिडेक्टिन, फ्लुरालॅनर ही त्यांतली नावे. ते वजनानुसार असते, म्हणून मांजराचे वजन त्याच दिवशी करून घ्यावे. केस बाजूला सारून थेट कातडीवर सोडावे आणि वाळेपर्यंत इतर मांजरांना ते चाटू देऊ नये. घरातील प्रत्येक मांजरावर आणि कुत्र्यावर त्या त्या प्राण्यासाठी असलेल्या औषधाने एकाच वेळी उपचार करावे लागतात, एकही सुटता कामा नये. अंथरुणे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावीत, कारण माइट मांजराबाहेरही काही दिवस तग धरतात. पावसाळ्यात ऊन मिळत नसेल तर इस्त्री फिरवावी.

कान धुण्यास डॉक्टरांनी सांगितले असेल, तरच आणि त्यांनी दिलेल्याच द्रावणाने धुवावा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या थंडीत बाटली बर्फासारखी होते आणि गार द्रावण कानात गेले की मांजराला भोवळ येते. म्हणून बाटली पाच मिनिटे मुठीत धरून अंगाइतकी कोमट करावी. पाळी वर धरून बाटलीचे टोक आत न खुपसता द्रावण सोडावे, कानाचे बूड बाहेरून अर्धा मिनिट हलकेच चोळावे आणि मग मांजराला सोडून द्यावे. ते डोके झटकते, आणि झटकलेच पाहिजे. वळणाआडचा मळ त्यानेच वर येतो. वर आलेला मळ कापसाच्या बोळ्याने, बोट जाईल तेथपर्यंतच पुसावा. औषधी थेंब सांगितले असल्यास ते धुतल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी, कान थोडा कोरडा झाल्यावर घालावेत. थेंब घातल्यावर मान कलली, तोल गेला किंवा ऐकू येईनासे वाटले, तर पुढचा थेंब न घालता डॉक्टरांना फोन करावा.

माइट नाहीत, पॉलिप नाही, तरी दोन्ही कान वर्षातून तीन-चारदा बिघडत असतील, तर अॅलर्जीचा शोध घ्यावा लागतो. खाण्यातल्या एखाद्या प्रथिनाची अॅलर्जी असेल तर आठ आठवडे ठरावीक आहारावर ठेवून पाहणे हीच खात्रीची तपासणी आहे, आणि त्या काळात कोणीही मायेने दुधाची वाटी पुढे सरकवायची नाही. एकत्र कुटुंबात सर्वांत अवघड पायरी हीच ठरते. आमच्याकडे सासूबाईंनी फ्रिजवर तारखांचा कागद लावला आणि स्वतः पहारा दिला, म्हणून ते निभावले.

सातवी पायरी : पुन्हा पाहणे

औषध किती दिवस द्यायचे हे कानाच्या बाहेरच्या रूपावरून ठरवू नये. खाज आधी थांबते, मळ नंतर, आणि वळणाआडची सूज सर्वांत शेवटी उतरते. सांगितलेला काळ पूर्ण करावा आणि दोन आठवड्यांनी, माइटांच्या बाबतीत महिन्याने आणखी एकदा, कान दाखवून पुन्हा काचपट्टी करून घ्यावी. प्रतिजैविके मध्येच थांबवली तर वाचलेले जिवाणू पुढच्या वेळी त्याच औषधाला जुमानत नाहीत. उरलेली बाटली शेजारच्या मांजरासाठी देऊ नये. उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी आणि लेबलावरची मुदत संपली की टाकून द्यावी.

ते पंचवटीचे पिल्लू आता चांगला दांडगा बोका झाला आहे. त्याची तिसरी काचपट्टी सप्टेंबरात केली, तेव्हा मीही सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. माइट नव्हते, अंडी नव्हती. बऱ्याच वेळाने एका कोपऱ्यात भुईमुगाच्या दोन शेंगा आणि जवळच चार-पाच ठिपके दिसले. आणखी एक बाटली द्यायची का, असे मी विचारले. डॉक्टरांनी पट्टी काढून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "नको. ते त्याचेच आहेत, राहू द्या."